सुचण्याची वाट पाहू नका: कथाचित्रं आणि मुखपृष्ठं करू लागलेल्यांसाठी

ऑगस्ट लागला की दिवाळी अंकांच्या कथा चित्रकारांकडे यायला लागतात. एका संपादकाच्या तीन कथा, दुसऱ्याच्या दोन, शिवाय एखादा कवितासंग्रह, ज्याचं ‘सगळं तयार आहे, फक्त मुखपृष्ठ तेवढं राहिलंय’. आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात हवं असतं. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत हा हंगाम सुरू झाला. नवख्यांची तारांबळ उडते ती नेमकी याच दिवसांत. हात तयार असतो, डिप्लोमा झालेला असतो, हप्त्यावर टॅबही घेतलेला असतो, आणि कागद मात्र कोरा. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘अजून मूड लागत नाहीये.’

मूड लागायची वाट पाहणं पोटासाठी चित्रं काढणाऱ्याला परवडत नाही. सुचतं ते आधी जमवलेल्यातून सुचतं. कोकणात आगोटीची बेगमी मे महिन्यात करतात, पाऊस लागल्यावर नाही. आपल्या धंद्यालाही तोच हिशेब लागू आहे. ही बेगमी कशी करायची आणि काम हातात पडल्यावर तिच्यातून चित्र कसं काढायचं, ते क्रमाने सांगते. मी कथाचित्रांच्या आणि मुखपृष्ठांच्या अंगाने लिहितेय, पण भित्तिचित्रं किंवा पॅकेजिंग करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी दोन वह्या करा

एक खिशात मावेल अशी, दुसरी टेबलावरची.

खिशातली वही स्वस्तातली घ्या. जाड, महागड्या कागदाच्या वहीत पहिल्या पानापासून ‘चांगलं’ काढायचं दडपण येतं आणि मग ती वही कपाटातच राहते. पेन्सिलीऐवजी पेन वापरा. खोडता येणार नाही म्हटल्यावर डोळा आपोआप समोरच्या गोष्टीवर जास्त वेळ टिकतो. प्रत्येक पानावर तारीख आणि जागा लिहा. आणि ही वही कुणाला दाखवू नका, इन्स्टाग्रामला तर नाहीच. दाखवायची ठरवली की आपण तिच्यात देखणं काढायला लागतो, आणि देखणं काढायला लागलो की जे नीट दिसलं नाही ते सवयीने भरून टाकतो.

टेबलावरची वही शब्दांसाठी. कानावर पडलेलं वाक्य, वर्तमानपत्रातलं कात्रण, अर्धवट आठवणारं स्वप्न, रंगांच्या नोंदी. रंग लिहून ठेवायची सवय नव्या मुलांना विचित्र वाटते, कारण फोटो काढता येतो ना! पण फोन भर उन्हातली सावली काळी करून टाकतो, आणि मातीच्या भिंतीचा रंग त्याला कधीच धड पकडता येत नाही. ‘भिंत विटकरी, सावलीत जांभळट. दारातल्या बाईचं लुगडं मोरपंखी, काठ डाळिंबी; लांबून आधी काठच दिसतो’ अशी एखादी ओळ दोन वर्षांनी वाचली तरी रंग पुन्हा कालवता येतात. आपल्याकडे रंगांना किती नावं आहेत ते एकदा आजीकडून किंवा जुन्या साडीच्या दुकानातल्या माणसाकडून ऐका. अबोली, चिंतामणी, राखी, पोपटी, गव्हाळी. लाल-हिरवा-निळा यापलीकडे पाहायला ही नावंच शिकवतात.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) तरुणपणी रोज चित्रांची डायरी ठेवत. गोव्यातल्या लोटली गावची माणसं, शेजारीपाजारी, लग्नं, दुपारच्या गप्पा, सगळं त्यात. त्यातल्या काही डायऱ्या पुढे छापल्याही गेल्या. मिळाल्या तर जरूर पाहा. ही डायरी ठेवणारा मुलगा प्रसिद्ध व्हायचा होता आणि त्याचं शिक्षण कलाशाळेतलं नव्हतं, तरी प्रत्येक पानावर कोणीतरी नेमका माणूस आहे.

एक जागा धरा

प्रेरणेसाठी हिमालयात जायची गरज नाही. जायला मिळालं तर जा, पण तिथून निसर्गचित्रं येतील, कथाचित्रं नाही. कथांमधली माणसं बाजारात, स्टँडवर, लग्नाच्या हॉलमध्ये असतात. चालत जाता येईल अशी एक जागा निवडा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा.

सुरुवातीला एस.टी. स्टँड उत्तम. माणसं थांबलेली असतात, कंटाळलेली असतात आणि त्यांचं लक्ष फलाटाकडे असतं. आधी चेहरा काढायला जाऊ नका. वजन कुठे पडलंय ते पाहा: बॅगेवर टेकलेलं कोपर, एका पायावर उभी असलेली बाई, झोपलेल्या पोराच्या डोक्याखाली दुखणारा खांदा. एक-दोन मिनिटांत एक आकृती, की पुढची. पहिल्या काही खेपांना ‘स्टँडचं दृश्य’ दिसतं. ते काढून संपलं की मग खऱ्या गोष्टी दिसायला लागतात. मंडईत तर हे फार जाणवतं. पहिल्यांदा ढीग आणि छत्र्या दिसतात. बऱ्याच खेपांनंतर कळतं की भाजीवाली पालकाची जुडी बांधताना सुतळीचं एक टोक दातांत धरते आणि त्याच वेळी नाकातून हुंकार देऊन गिऱ्हाइकाला भावही सांगते. असा एक हावभाव कथाचित्रात आला की वाचक थबकतो. हे घरी बसून सुचत नाही.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. पाठ खांबाला किंवा भिंतीला लावून बसा, म्हणजे मागून वाकून बघणारे येत नाहीत. लहान मुलाचं चित्र काढायचं तर आईला विचारा. दवाखान्यात आजाऱ्यांची चित्रं काढू नका, फार तर बाकं काढा, चपलांची रांग काढा. कोणी पाहिलंच तर वही लपवायची नाही, समोरचं तेवढं पान दाखवायचं. मग ‘आमचं पण काढा’ सुरू होतं. एकाचं काढायचं, पान फाडून त्याला द्यायचं आणि जागा बदलायची.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची मुंबईच्या माणसांची चित्रं याच दृष्टीने पाहा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी अनेक वर्षं शिकवलं, मोठी पौराणिक-ऐतिहासिक चित्रं केली, आणि त्याचबरोबर पोस्टकार्डं, जाहिराती, पुस्तकांतली चित्रंही केली. पोस्टकार्डावरच्या बोटभर माणसातही पगडी कोणत्या जातकुळीची, धोतर कसं नेसलंय, चाल कशी आहे, हे चोख असतं. कामाचा आकार लहान म्हणून पाहणं लहान झालेलं नाही.

संग्रहालयात एका वस्तूसाठी जा

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात लोक तासाभरात सगळी दालनं संपवतात आणि बाहेर येऊन ‘छान होतं’ म्हणतात. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने केलेला हा संग्रह घरगुती वस्तूंचा आहे: दिवे, दौती, दारं, वाद्यं, अडकित्ते. चित्रकाराने तिथे जाताना एकच कपाट ठरवून जावं.

समजा, अडकित्ते ठरवले. नुसतं बघताना ते ‘कलाकुसर’ म्हणून दिसतात. काढायला घेतले की प्रश्न सुरू होतात. खीळ नेमकी कुठे आहे? पातं खिळीच्या इतकं जवळ का? सुपारी ठेवायच्या दांड्याचा आकार वरच्या दांड्यासारखा का नाही? मिटलेल्या अडकित्त्याच्या दोन मुठींमध्ये बोटं चिमटू नयेत एवढी फट असते, आणि चित्रात ती फट आली नाही तर तो अडकित्ता न वाटता सांडशी वाटतो. मग नक्षी. कुठे घोडा, कुठे पोपट, कुठे स्त्री-पुरुषाची जोडी. दोन दांड्यांवर एकेक आकृती असेल तर उघडताना ती दोघं लांब जातात, मिटताना जवळ येतात, आणि ती जवळ येतात तेव्हाच मधली सुपारी फुटते!

इथे वही मिटून घरी या. उद्या भाऊबंदकीच्या गोष्टींचं एखादं पुस्तक हातात आलं आणि अडकित्त्याच्या दोन दांड्यांत सुपारीच्या जागी वाडा दिसला, तर ते आकाशातून पडलेलं नसेल. खीळ कुठे असते ते हाताला ठाऊक आहे म्हणून ते सुचतं, आणि ठाऊक आहे म्हणूनच ते पटेल असं काढता येतं.

मुंबईत भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२) धंद्यांच्या आणि पेहरावांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींसाठी पाहावं. जुन्या काळातली गोष्ट चितारायची असेल तर पागोट्यांची सगळी तऱ्हा तिथे एका जागी मिळते. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचं घर आता संग्रहालय आहे. घरच्या, गावच्या माणसांची आणि जनावरांची शिल्पं, त्यातली कित्येक साध्या सिमेंटमधली. ‘माझ्याकडे चांगलं मटेरियल नाही’ हे कारण तिथून परत आल्यावर देता येत नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं श्री भवानी चित्रसंग्रहालय (१९३८) आहे. तिथे राजा रविवर्मा आहे आणि आधुनिक इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्पही आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहण्याने डोक्यात जो गोंधळ होतो तो फार चांगला असतो.

अजिंठ्याला सोमवार सोडून जा, सोमवारी लेणी बंद असतात. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ क्रमांकाची लेणी. सगळे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर गर्दी करतात. तुम्ही १ आणि २ क्रमांकांच्या लेण्यांत मान वर करून छत पाहा. चौकटीचौकटींत कमळं, हंस, हत्ती, फळं, वेली. चौकोनात आकृती बसवायची कशी, रिकामी जागा किती ठेवायची, हे पुस्तकांची सजावट करणाऱ्याला याहून चांगलं कुठे शिकायला मिळेल असं मला वाटत नाही. आत उजेड मंद असतो, त्यामुळे तिथे रंगांच्या भानगडीत पडू नका. आकार टिपा.

जुन्यांची नक्कल, आणि तिची हद्द

नक्कल हा शब्द ऐकला की नवे चित्रकार बिचकतात. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्यात होते. त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत तिथे जळाल्या. कॅनव्हास गेले, पण त्या पोरांच्या मनगटात जी रेषा बसली ती कुठे जळणार होती!

तर नक्कल करा. डोळ्यांनी पाहून, हाताने, ट्रेसिंग नको. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पुणे मराठी ग्रंथालय अशा ठिकाणी जुने दिवाळी अंक पाहायला मिळतात. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) मूळ मडगावचे. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केलं आणि मुखपृष्ठं, कथाचित्रं यांचं प्रचंड काम केलं. त्यांच्या एकाच अंकातली वेगवेगळी कथाचित्रं शेजारी ठेवून काढून पाहा. कथा बदलली की रेषा बदलते: कुठे ब्रशची जाड, कुठे टाकाची बारीक, कुठे रेषाच नाही, नुसते सपाट आकार. ‘स्वतःची स्टाइल’ सापडेपर्यंत थांबलेल्या मंडळींनी हे मुद्दाम पाहावं. दलालांना काम करताना स्टाइलची चिंता पडलेली दिसत नाही, कथेची पडलेली दिसते.

आता हद्द. सरावासाठी वहीत केलेली नक्कल तुमची तुमच्यापाशी. विकायच्या कामात तसंच चित्र वापरायचं तर कायदा येतो. भारतात कलाकृतीचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, धुरंधर १९४४ साली. त्यांची चित्रं आता सगळ्यांची आहेत. दलालांची २०३१ संपेपर्यंत नाहीत. चित्रकार रघुवीर मुळगावकर १९७६ साली गेले, त्यांची २०३६ संपेपर्यंत नाहीत. ‘जुनंच आहे की, कोण विचारतंय’ म्हणणारे प्रकाशक भेटतात. त्यांना हे आकडे सांगा.

वारली चित्रांचं थोडं वेगळं आहे. त्रिकोण-वर्तुळांची माणसं चहाच्या कपापासून सोसायटीच्या भिंतीपर्यंत कुणीही काढतं. पण ती मुळात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या चौकासाठी, बायकांनी काढायची चित्रं. जिव्या सोमा मशे (२०११ साली पद्मश्री, निधन २०१८) यांनी ती कागदावर आणली तेव्हा त्यांच्या पाठीशी ते सगळं जगणं होतं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. क्लायंटला वारलीच हवं असेल तर मी सरळ सांगते, डहाणू-पालघरकडच्या वारली चित्रकाराला काम द्या. एक काम जातं, हरकत नाही.

काम आलं: कथा दोनदा वाचा

पहिल्यांदा वाचकासारखी. हातात पेन नको. दुसऱ्यांदा पेन घेऊन, आणि खुणा फक्त दोन गोष्टींना करायच्या: वस्तू आणि क्रिया. भावनांना नाही. ‘एकाकीपणा’ला खूण केलीत की खिडकीत पाठमोरी बसलेली बाई निघते, आणि अशा बायका मराठी अंकांत आधीच खूप बसल्या आहेत.

समजा, कथा एस.टी.तून निवृत्त झालेल्या कंडक्टरची आहे. बायको गेलेली, मुलगा-सून कामावर, नातू मोबाइलमध्ये. म्हातारा घरात येरझाऱ्या घालतो. पहिलं डोक्यात येईल ते असं: एस.टी.ची लाल गाडी आणि पुढे काठी घेतलेला म्हातारा. दुसरं: रिकामी सीट. तिसरं: खुंटीला टांगलेला खाकी गणवेश. हे सगळं थंबनेलमध्ये काढून टाका, काड्यापेटीएवढ्या चौकोनांत. मनात ठेवू नका, नाहीतर ते दारात अडून बसतं आणि पुढच्या कल्पनेला आत येऊ देत नाही.

आता खुणा केलेल्या वस्तू. चामड्याची बॅग. तिकिटांचा ट्रे, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी लावलेली वेगवेगळ्या रंगांची तिकिटं. आणि पंच. मशिनं येण्याआधी कंडक्टर पंचने ट्रेवर टिकटिक करत गाडीतून फिरायचा. चाळिशीच्या पुढच्या वाचकाच्या कानात तो आवाज अजून असेल. कथेत एक वाक्य आहे समजा: म्हातारा जेवताना नकळत चमचा ताटावर वाजवतो. लेखकाने तेवढंच लिहून सोडून दिलंय. इथे थांबा. पंच काय करतो? भोक पाडतो. भोकातून काय पडतं? कागदाच्या बारीक गोल चकत्या. गाडीच्या फरशीवर, बॅगेच्या तळाशी, शर्टाच्या खिशात, सगळीकडे. नोकरीत त्याने किती लाख भोकं पाडली असतील! मग रात्री गच्चीवर झोपलेला म्हातारा आणि वर काळं आभाळ, चांदण्यांच्या जागी पंचने पाडलेली भोकं. किंवा त्याच्या सदऱ्याच्या खिशातून जमिनीवर ओघळलेल्या रंगीत चकत्या आणि त्या वेचणारा नातू. मला दुसरं जास्त आवडेल, कारण पहिलं जरा जास्तच काव्यात्म आहे आणि त्यात नातू सुटतो.

हे चित्र गाडी-आणि-म्हाताऱ्याहून बरं का आहे? त्यात कथेत लिहिलेलं काही पुन्हा काढलेलं नाही, आणि तरी ते दुसऱ्या कुठल्या कथेला लावता येणार नाही. तयार रफकडे, म्हणजे कच्च्या रेखाटनाकडे, पाहून स्वतःला एवढंच विचारायचं: हेच चित्र शेजारच्या कथेवर छापलं तर चालेल का? चालत असेल तर अजून खोदायला हवं.

पिंटरेस्ट आणि एआयचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. पंचची मूठ नेमकी कशी असते ते पाहायला नेट जरूर उघडा. पण ‘म्हातारपण चित्र’ असं शोधून सुरुवात केलीत तर समोर येतात ती दुसऱ्यांनी दुसऱ्या कथांना दिलेली उत्तरं. एआयला सांगितलं तर त्या सगळ्यांची सरासरी मिळते, म्हणजे तुमची पहिलीच कल्पना, फक्त चकचकीत. थंबनेल झाल्याशिवाय स्क्रीन उघडायचा नाही हा नियम मी पाळते.

बंधनं मागून घ्या

‘तुम्हाला हवं ते करा’ असं संपादक म्हणाले की खूश होऊ नका. माप विचारा, रंग किती ते विचारा, कथेचं नाव चित्रात येणार की बाहेर ते विचारा. आतल्या पानांना एकच रंग असेल तर करड्या छटांपेक्षा कोऱ्या कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा एवढ्यावरच विचार करा; छापताना करडा नेहमी मळतो. काहीच बंधन नसेल तर स्वतः घाला: फक्त बोरूने करायचं, किंवा फक्त कापलेल्या कागदाने, किंवा चित्रात माणूस दाखवायचाच नाही.

रफ दोन किंवा तीन पाठवा, त्याहून जास्त नको. आणि जे करायचं मनात नाही ते रफ कधीही पाठवू नका. तेच पसंत पडतं.

तरीही अडलं तर

अडतंच. तेव्हा टेबलापाशी बसून राहण्यात अर्थ नसतो. खिशातल्या जुन्या वह्या काढा आणि कथेचा विचार न करता नुसती पानं उलटा. बरेचदा तीन वर्षांपूर्वीची चपलांची रांग आज कामाला येते. नाहीतर हत्यार बदला. टॅबवर करत असाल तर कागद आणि काडी घ्या. कथा कुणाला तरी तोंडी सांगा, शक्यतो चित्रकार नसलेल्या माणसाला, आणि तुम्ही कुठे हातवारे केलेत ते लक्षात ठेवा. चित्र त्या हातवाऱ्यात असू शकतं. डेडलाइन उद्याची असेल तर साधं, नीट काढलेलं चित्र द्या. प्रत्येक कथेला ग्रेट चित्र लाभत नाही, आणि अंक वेळेवर छापला जाणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे.

आठवड्यात काही तास कुणासाठीच नाही

नुसतं काम करत राहिलं की साठा संपतो, आणि तो संपल्याचं वर्ष-दोन वर्षांनी कळतं. म्हणून काही तास असे ठेवायचे की ज्यात काढलेलं कुणाला द्यायचं नाही.

चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचं उदाहरण मला इथे सगळ्यात जवळचं वाटतं. ते वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करत. हातमागाच्या कापडासाठी डिझाइनं करणं हे तिथलं काम. आणि त्याच वर्षांत त्यांची स्वतःची चित्रं होत गेली, बरीचशी इनॅमल रंगांतली: घड्याळ, पान, फळ, शिंपला अशा कुणाच्याही घरातल्या वस्तू, एकमेकींपासून सुट्या, मोकळ्या अवकाशात ठेवलेल्या. त्यांनी वर्षानुवर्षं वह्या भरल्या, त्यात रेखाटनं आहेत आणि तितकंच लिखाणही. १९९० साली ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं मराठी पुस्तक आलं. चित्रकाराने स्वतःच्या विचाराचा पाठलाग कसा करावा हे मराठीत वाचायचं असेल तर ते मिळवा. अवघड आहे, हळूहळू वाचा. मुद्दा हा की नोकरी त्यांच्या आड आली नाही, आणि वस्तूही त्यांनी लांबून आणल्या नाहीत. एकच साधी वस्तू घेऊन महिनाभर तीच काढत राहायचं, हा सराव त्यांच्याकडून उचलण्यासारखा आहे. पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो. दुसऱ्यात वस्तू विचित्र दिसायला लागते. तिथून पुढे मजा आहे.

आणि प्रदर्शनं बघा. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत (१९५२) प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार चित्रं मांडून बसलेले असतात. त्यांच्याशी बोला. काम कसं मिळतं, पैसे कधी मिळतात, हे ते आतल्या कॅटलॉगपेक्षा जास्त खरं सांगतात.

वह्या जपा

भरलेली वही म्हणजे रद्दी होऊ नये. वही संपली की कव्हरवर क्रमांक टाका आणि पहिल्या पानावर चार ओळींत आतलं लिहा: ‘वही ९. स्टँड, अडकित्ते, पावसातली मंडई, मावशीचं स्वयंपाकघर.’ नाहीतर हवं ते पान हव्या त्या दिवशी सापडत नाही. मे महिन्यात, हवा कोरडी असताना, पानं ३०० डीपीआयला स्कॅन करून ठेवा. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये कागदाला बुरशी धरते आणि साध्या पेनाने काढलेल्या रेषांची शाई फुटते. वह्या भिंतीला टेकून ठेवू नका, लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर उभ्या ठेवा, आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. पाण्यात न विरघळणाऱ्या शाईचं पेन थोडं महाग पडतं, पण खर्च करायचाच असेल तर वहीवर न करता त्यावर करा.